उंबरठ्यावरची फाइल

एकाच घरातील दोन संगणकांवर एकच सरकारी कागद मागविला असता एकावर तो ब्राउझरच्या खिडकीतच उघडतो, आणि दुसऱ्यावर काहीच घडले नाही असे भासवून मुकाट्याने कोठल्याशा कप्प्यात जाऊन पडतो. दुसऱ्या संगणकापुढील मनुष्य मग तीच कळ पुनःपुन्हा दाबतो, आणि थोड्या वेळाने त्या कप्प्यात एकाच कागदाच्या पाच प्रती, नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागलेल्या, सापडतात. दोष कागदाचा, संकेतस्थळाचा की संगणकाचा, याविषयी घरात तर्क चालू होतात. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो. आलेली फाइल जागच्या जागी उघडावयाची, ठेवून द्यावयाची, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या हवाली करावयाची, की घरधन्यास विचारावयाचे, याचा एक तक्ता प्रत्येक ब्राउझरच्या पोटात असतो. दोन संगणकांवरील तक्ते निराळे, म्हणून वागणूक निराळी. हा तक्ता घरधन्याला बदलता येतो. बहुतेकांनी मात्र तो कधी उघडून पाहिलेला नसतो, आणि मधल्या काळात तो परस्पर बदललेला असतो, ही या विषयातील खरी गोम आहे.

रेल्वेच्या मालधक्क्यावर पोते उतरते तेव्हा ते तेथेच फोडून कोणी पाहत नाही. सोबतची बिल्टी पाहतात. बिल्टीवर गहू लिहिला असेल तर पोते धान्याच्या वखारीकडे जाते, काचसामान लिहिले असेल तर हमाल जरा जपून उचलतो. संगणकाच्या जाळ्यावरही नेमके हेच घडते. सर्व्हर जेव्हा एखादी फाइल धाडतो तेव्हा फाइलीच्या अगोदर काही ओळी पाठवितो, आणि त्यांतील एका ओळीत मालाचा प्रकार नमूद केलेला असतो. तिला कंटेंट-टाइप म्हणतात. प्रकार दोन शब्दांत सांगतात, मध्ये एक तिरपी रेघ: टेक्स्ट/एचटीएमएल म्हणजे साधे पान, इमेज/जेपेग म्हणजे छायाचित्र, ॲप्लिकेशन/पीडीएफ म्हणजे पीडीएफ. फाइलीचा पहिला घास पोटात जाण्यापूर्वीच ब्राउझरने ही ओळ वाचलेली असते आणि आपल्या तक्त्याशी ताडून पाहिलेली असते.

या बिल्टीचा जन्म ब्राउझरसाठी झालेला नाही, हे थोडे नवलाचे आहे. तो टपालासाठी झाला. १९९०च्या सुमारास संगणकावरील टपालातून जात ती बहुतांशी साधी रोमन अक्षरे. चित्र नाही, ध्वनी नाही, देवनागरी तर नाहीच. बेलकोर या अमेरिकन संशोधनसंस्थेतील नथॅनियल बोरेन्स्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनी ही अडचण दूर करण्यासाठी ‘माइम’ नावाची पद्धत रचली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टाइन यांनी जे पत्र धाडले त्यात त्यांच्या चौघांच्या गायनमंडळाचे छायाचित्र होते आणि त्या मंडळाच्या गाण्याचा ध्वनीही होता. त्याच वर्षी जूनमध्ये आरएफसी १३४१ या क्रमांकाने ही पद्धत प्रसिद्ध झाली. पत्रात काय आहे हे सांगणारी ओळ, आणि अक्षरे कोणत्या संचातील आहेत हे सांगणारी त्याच ओळीतील पुस्ती, अशी दुहेरी सोय तिच्यात होती. पुढील वर्षी, १९९३ साली, इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रातून ‘मोझॅक’ ब्राउझर बाहेर पडला. त्याला स्वतःला फार थोडे प्रकार दाखविता येत. बाकीचे तो मदतनीस प्रोग्रामांकडे सोपवी. कोणता प्रकार कोणाकडे, याचा तक्ता वापरणाराने आपल्या हाताने भरावयाचा असे. आजच्या सेटिंग्जमधील यादी ही त्या तक्त्याचीच वंशज होय.

बिल्टीखेरीज फाइलीबद्दल साक्ष देणारे आणखी दोघे आहेत. एक तिचे नाव. म्हणजे खरे पाहता नावाचे शेपूट, टिंबापुढील तीन-चार अक्षरे. दुसरे तिचे अंतरंग. पीडीएफ फाइल टक्क्याचे चिन्ह आणि पी-डी-एफ ही अक्षरे यांनी सुरू होते. पीएनजी चित्राच्या पहिल्या आठ बाइटांत दुसरी, तिसरी आणि चौथी जागा पी-एन-जी या अक्षरांनी धरलेली असते. झिप या गठड्याच्या आरंभी पी-के अशी दोन अक्षरे असतात; ती ही पद्धत रचणारे फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. परंतु अंतरंगाची साक्षही पुरी नव्हे. वर्डची आजची डॉक्स फाइल, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि अँड्रॉइड फोनवर ॲप बसविणारी एपीके, या तिन्ही आतून झिपच असतात. तिघींच्या तोंडाशी तीच दोन अक्षरे. एक पत्र, एक हिशेब आणि एक घरात शिरून बसणारा पाहुणा, तिघांनी एकच अंगरखा घालावा तसा हा प्रकार आहे.

तिन्ही साक्षी जुळल्या तर प्रश्नच नाही. त्या जुळत नाहीत तेव्हा कोणाचे ऐकावयाचे, हा वाद गेली तीस वर्षे चालला आहे, आणि त्यात ब्राउझर बनविणारांनी निरनिराळ्या काळी निरनिराळे निवाडे दिले आहेत.

प्रथम बिल्टी खोटी पडू लागली. अपाचे हा जगातील एक अत्यंत प्रचलित सर्व्हर. ज्या फाइलीचा प्रकार त्याला ओळखता येत नसे तिच्यावर तो बेधडक ‘साधा मजकूर’ असे लिहून पाठवी. परिणामी चित्रपट मागवावा तर पडद्यावर अक्षरांचा चिवडा उमटे. दुसरे काही सर्व्हर याहून सावध. ते ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ असे लिहीत. त्याचा अर्थ नुसता बाइटांचा ओघ. बिल्टीवर नुसते ‘सामान’ लिहावे त्यातला प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने यावर तोडगा काढला तो असा, की बिल्टीवर फारसा विश्वास न ठेवता फाइलीचे पहिले २५६ बाइट हुंगून पाहावयाचे आणि त्यावरून प्रकार ठरवावयाचा. इंग्रजीत या क्रियेला हुंगणे असेच नाव आहे. लोकांना ते सोयीचे वाटले; चित्रपट चित्रपटासारखा दिसू लागला.

या सोयीतच धोका होता. २००९ साली अॅडम बार्थ, हुआन काबाल्येरो आणि डॉन साँग या तिघा संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच, निबंधांनी स्वतःचे परीक्षण स्वतः करू नये म्हणून काय करावे, असा खोचक प्रश्न होता. त्यांनी दाखवून दिले ते असे. एखाद्या परिषदेसाठी विद्वानांचे निबंध मागविणाऱ्या संकेतस्थळावर कोणी असा निबंध धाडावा, की जो संकेतस्थळाच्या तपासणीत रीतसर छपाईचा दस्तऐवज ठरतो, परंतु ज्याच्या आरंभी चार ओळी वेब-पानाच्या पेरलेल्या आहेत. परीक्षक तो इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडतो. ब्राउझर हुंगतो, त्याला पानाचा वास येतो, तो निबंधाला पान समजून चालवितो, आणि आत दडविलेला आज्ञालेख परीक्षकाच्या नावाने त्या निबंधाला उत्तम गुण देऊन मोकळा होतो. अशा फाइलींना त्यांनी सरड्याची उपमा दिली. त्याच २००९ साली बाहेर पडलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीत सर्व्हरला ‘हुंगू नका’ असे बजावण्याची सोय झाली, आणि पुढे इतर ब्राउझरांनीही ती मानली. हुंगणे अजिबात थांबलेले नाही. परंतु ते कधी, किती आणि कशासाठी करावयाचे याचे आता लेखी नियम आहेत.

नावाची साक्ष याहून कच्ची. ४ मे २०००चे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. फिलिपीन्समधून निघालेले प्रेमपत्राच्या मिषाचे एक टपाल एका दिवसात जगभर पसरले. जोडलेल्या फाइलीच्या नावात टेक्स्टचे शेपूट दिसत होते, त्यापुढे व्हीबीएस हे आणखी एक शेपूट होते, आणि खरे तेच होते. विंडोज ओळखीची शेपटे झाकून ठेवी. म्हणून लोकांना निरुपद्रवी मजकूर दिसला आणि उघडल्यावर चालला तो प्रोग्राम. विंडोज आजही, मुद्दाम सांगितल्याखेरीज, ही शेपटे झाकूनच ठेवते. एवढी पोळल्यावरही ही रीत का बदलली नाही, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बिल्टी असते ती प्रवासापुरती. ब्राउझरने फाइल घेऊन डिस्कवर ठेवली, की कंटेंट-टाइपची ओळ फाटून उंबरठ्याबाहेरच पडते. त्यानंतर संगणकाजवळ उरते ते नाव. विंडोजवर, २००४ सालापासून, ‘ही बाहेरून आली’ एवढी एक अदृश्य खूण फाइलीला चिकटवितात, आणि ॲपलच्या संगणकांवर २००७ सालापासून तशीच व्यवस्था आहे. परंतु ती खूण फाइल कोठून आली एवढे सांगते, काय आहे ते सांगत नाही. म्हणजे तिन्ही साक्षीदार एकत्र हजर असतात ते एकाच क्षणी, फाइल उंबरठ्यावर असताना. ब्राउझरचा तक्ता कामाला येतो तोही त्याच क्षणी. त्यानंतर दोनदा कळ दाबून फाइल उघडणारा मनुष्य केवळ शेपटावर विसंबलेला असतो.

मराठी माणसाला याची झळ एका फार साध्या ठिकाणी लागते. एखाद्या मंडळाच्या सभासदांची यादी, किंवा इंदूरच्या अथवा बडोद्याच्या एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची जाळ्यावरून सीएसव्ही या प्रकारात उतरवून घ्यावी. सर्व्हरने बिल्टीवर लिहिलेले असते की अक्षरे यूटीएफ-८ या संचातील आहेत. ब्राउझर फाइल एक्सेलच्या हवाली करतो, पण बिल्टी देत नाही. फाइलीच्या आरंभी संचाची खूण नसली तर एक्सेल सामान्यतः युरोपीय अक्षरांचा जुना संच गृहीत धरते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि त्यांतला पहिला बाइट सर्वांचा एकच. त्या जुन्या संचात तो बाइट म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला फ्रेंच ‘ए’. म्हणून कुलकर्ण्यांपासून नाईकांपर्यंत सारी यादी त्या टोपीवाल्या ‘ए’च्या रांगांनी भरून जाते. पुष्कळजण ‘फाइल बिघडली’ म्हणून ती पुसून टाकतात. काहीजण तशीच पुन्हा जतन करतात, आणि मग ती खरोखरच बिघडते. फाइल मुळात शाबूत होती. ती आपोआप न उघडता ठेवून द्यावयास हवी होती. मग एक्सेल स्वतंत्रपणे उघडून ‘डेटा’ या सदराखालून मजकुराची फाइल आत घ्यावी, आणि उगमसंच म्हणून ६५००१, यूटीएफ-८ निवडावा, म्हणजे नावे जशीच्या तशी वाचता येतात. आपोआप उघडण्याचा हा जाच एकट्या देवनागरीला नाही. मार्च १ आणि सेप्ट १ अशा नावांची जनुके एक्सेलने तारखा समजून बदलून टाकली, आणि अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच त्या जनुकांचे नामांतर केले. प्रोग्राम बदलण्यापेक्षा जनुकांचे बारसे पुन्हा करणे सोपे ठरले!

तेव्हा तक्ता पाहणे आले. फायरफॉक्समध्ये तो सर्वांत उघड आहे. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन्स’ या मथळ्याखाली दोन स्तंभांची यादी असते. डावीकडे प्रकार, उजवीकडे कृती. कृतीवर कळ दाबली की पर्याय उलगडतात: फायरफॉक्समध्येच उघडा, जतन करा, दरवेळी विचारा, अमुक प्रोग्राममध्ये उघडा. येथे नवख्याची एक फजिती ठरलेली. त्याला हवा तो प्रकार यादीत सापडत नाही. कारण यादीत बहुधा तेच प्रकार येतात, जे ब्राउझरच्या दारी एकदा येऊन गेले आहेत. तो प्रकार एकदा उतरवून घ्यावा, म्हणजे यादीत त्याची ओळ उमटते. ही सारी निवड हँडलर्स.जेसन नावाच्या एका लहानशा फाइलीत लिहिलेली असते. यादीत फार गोंधळ झाला तर फायरफॉक्स बंद करून ती फाइल बाजूला काढली असता तक्ता मूळपदावर येतो.

पूर्वी या यादीपर्यंत जाण्याची गरज फारशी पडत नसे. फाइल आली की फायरफॉक्स एक चौकट पुढे करी: कशाने उघडू, की जतन करू? खाली एक बारीक चौकोन असे: ‘यापुढे अशा फाइलींसाठी हेच करीत जा.’ कधीकधी हा चौकोन फिका पडलेला असे आणि त्यात खूण करता येत नसे. लोक त्यावर चिडत. परंतु ते बहुधा तेव्हाच घडे, जेव्हा बिल्टीवर नुसते ‘सामान’ लिहिलेले असे. ‘सामान नेहमी अमक्याकडे पाठवा’ असा हुकूम द्यावयाचा तर उद्या त्यातून काय निघेल याचा भरवसा काय? तो फिका चौकोन म्हणजे ब्राउझरचा शहाणपणा होता, जरी त्याने त्याचे कारण कधी सांगितले नाही.

८ मार्च २०२२ रोजी आलेल्या ९८व्या आवृत्तीने ही चौकट काढून घेतली. आता फाइल विचारल्यावाचून उतरते आणि ठरलेल्या कप्प्यात जाऊन बसते. बनविणारांची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. रोज दहा वेळा तीच चौकट पुढे आली की मनुष्य ती वाचीत नाही, नुसती दाबतो. आणि न वाचता दिलेल्या होकाराला संरक्षण म्हणता येत नाही. इतर ब्राउझर पूर्वीपासून असेच वागत होते. परंतु चौकटीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची चर्चा त्या मानाने कमी झाली. पूर्वी ‘उघडा’ म्हटले की फाइल एका तात्पुरत्या जागी राही. नव्या व्यवस्थेत नुसती पाहण्यासाठी उघडलेली फाइलही डाउनलोडच्या कप्प्यात कायमची राहू लागली.

घरच्या संगणकावर याने फार तर अडगळ वाढते. सामायिक संगणकावर मात्र गोष्ट निराळी. गावागावांतील सेवाकेंद्रे, सायबर कॅफे, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा येथे दिवसभरात अनेकांचे ई-आधार, बँकेचे उतारे, गुणपत्रिका एकाच कप्प्यात साचतात. ई-आधारची पीडीएफ कुलूपबंद असते खरी. पण तिची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार रोमन अक्षरे आणि जन्मवर्ष, हे प्राधिकरणानेच जाहीर केलेले आहे. नाव आणि वय ठाऊक असणाऱ्या शेजाऱ्यापुढे हे कुलूप कितपत टिकणार? खासगी खिडकी उघडून काम केले की मागे काही उरत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. खिडकी मिटल्यावर भेटींचा इतिहास पुसला जातो. उतरवून घेतलेली फाइल सामान्यतः तशीच राहते. अशा संगणकावर दोनच उपाय. यादीखालच्या प्रश्नात, इतर फाइलींचे काय करावे या ठिकाणी, ‘उघडू की जतन करू ते विचारा’ हा पर्याय निवडणे, जेणेकरून निदान उतरण्यापूर्वी मनुष्य थबकेल. आणि उठण्यापूर्वी डाउनलोडचा कप्पा व त्यानंतर कचऱ्याची टोपली रिकामी करणे. दुसरा उपाय पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

पीडीएफचा विचार थोडा स्वतंत्रपणे करावयास हवा. क्रोमने २०१० साली आणि फायरफॉक्सने २०१३ साली आपल्या पोटातच पीडीएफ दाखविण्याची सोय केली, आणि नुसते वाचावयाचे असेल तेथे तिच्यासारखी निर्धोक सोय नाही. पण पीडीएफ पुष्कळदा नुसते वाचावयाचे नसते. अनेक सरकारांचे व बँकांचे भरावयाचे अर्ज एक्सएफए नावाच्या विशिष्ट रचनेत असत. ते ब्राउझरमध्ये उघडले की ‘कृपया थांबा’ या अर्थाची एक इंग्रजी ओळ दिसे आणि अर्जदार खरोखरच थांबून राही. अर्ज कधीच येत नसे. फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२१मध्ये, ९३व्या आवृत्तीत, या अर्जांची सोय केली. सहीचे प्रकरण आणखी नाजूक. ई-आधारवर, किंवा महाराष्ट्राच्या महसूल खात्याने दिलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर, जी सही असते तिचे कागदावर दिसणारे चित्र म्हणजे सही नव्हे. खरी सही फाइलीच्या आत गणिताच्या रूपाने असते. ती पारखण्यासाठी फाइल जतन करून ॲक्रोबॅट रीडरसारख्या सही ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडावी लागते. तेथेही आरंभी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. सही करणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवल्याचे त्या प्रोग्रामला एकदा सांगावे लागते, तेव्हा हिरवी खूण येते. असे कागद वारंवार हाताळणाराने तक्त्यात पीडीएफच्या ओळीवर ‘दरवेळी विचारा’ किंवा थेट त्या प्रोग्रामचे नाव ठेवावे. वर्तमानपत्राची पीडीएफ वाचणाराला याची काहीच आवश्यकता नाही.

क्रोमचा तक्ता याहून त्रोटक आहे. पीडीएफ क्रोममध्ये उघडावयाची की उतरवून घ्यावयाची, एवढी निवड ‘साइट सेटिंग्ज’च्या पोटात सापडते, प्रत्येक फाइल कोठे ठेवावी ते आधी विचारावे, अशी एक कळ डाउनलोडच्या पानावर आहे. बाकीच्या प्रकारांपुढे उतरलेल्या फाइलीच्या यादीत ‘या प्रकारच्या फाइली नेहमी उघडा’ अशी निवड मिळते, पण कशाने उघडावयाच्या ते क्रोम ठरवीत नाही; ते विंडोजच्या किंवा मॅकच्या स्वतःच्या तक्त्यावर सोडते. म्हणून क्रोममध्ये पीडीएफ भलत्याच प्रोग्राममध्ये उघडू लागली तर क्रोमची सेटिंग्ज धुंडाळण्यात अर्थ नाही. विंडोजच्या ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये शिरावे. चालणाऱ्या प्रोग्रामांच्या बाबतीत, म्हणजे एक्सई वगैरे फाइलींच्या बाबतीत, ‘नेहमी उघडा’ ही निवड क्रोम देत नाही, आणि ते योग्यच आहे.

सफारीने एकेकाळी येथेच ठोकर खाल्ली. ‘निर्धोक’ फाइली उतरल्याबरोबर आपोआप उघडाव्यात, अशी तिची सेटिंग मूळचीच चालू असे. फेब्रुवारी २००६मध्ये असे उघडकीस आले, की झिपच्या गठड्यात चित्राच्या किंवा चित्रपटाच्या शेपटाची एक आज्ञावली बांधून धाडली, तर सफारी गठडे सोडते, आणि संगणक ती आज्ञावली चालवितो. ॲपलने मार्चमध्ये दुरुस्ती केली. ती सेटिंग सफारीत आजही आहे. मॅक वापरणाराने ती बंद ठेवण्यात त्याचे नुकसान एवढेच, की गठडे स्वतःच्या हाताने सोडावे लागते.

राहता राहिला फोन, आणि आता बहुसंख्य लोकांचा ब्राउझर तोच. २०२४च्या अखेरीपासून निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांनी इशारे दिले आहेत ते लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नोटिसीच्या मिषाने येणाऱ्या फाइलींबद्दल. नावात पत्रिका, शेपूट मात्र एपीके. पत्रिका चित्र असेल किंवा पीडीएफ असेल. ती ॲप बसविणारी फाइल कधीही असणार नाही. ती बसविली की लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि बँकेचे संकेतांक परस्पर वाचले जातात. फोनवर प्रकारांची यादी नाही, तरी येथेही एक दरवाजा आहे. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ सालापासून, दुकानाबाहेरून आलेले ॲप बसविण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘अपरिचित ॲप्स बसविणे’ या अर्थाची यादी शोधावी आणि तीत ब्राउझर, संदेशांचे ॲप आणि फाइली ठेवणारे ॲप या तिघांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तिन्हींपुढे ‘परवानगी नाही’ असे असेल तर पत्रिका फोनवर उतरली तरी बसत नाही, आणि ज्याच्या नावाने ती आली त्या नातेवाइकास दूरध्वनी करून खरोखर लग्न आहे काय हे विचारण्यास पुरेसा वेळ मिळतो.